उंदीर पडले त्या दिवसांत

नाकाला रुमाल लावू नका. मांडवीच्या गल्लीत भर दुपारी कुणी नाक झाकून फिरत नाही, लगेच ओळखू याल. त्यापेक्षा एक खोल श्वास घ्या आणि कुठला वास कुणाचा ते बघा. गुळाच्या ढेपा. मिरचीच्या गोणी, त्यांचा खाट डोळ्यांत उतरतो. बंदराकडून सुक्या बोंबलाचा दर्प येतोय. पावसाळ्यापासून न वाळलेल्या गोणपाटाचा कुबट वास भिंतींना चिकटलाय. आणि या सगळ्यांवर चढून घशाशी बसलेला कार्बोलिकचा वास. हा एवढाच या गल्लीत नवखा आहे, बाकीचे पिढ्यान्‌पिढ्यांचे रहिवासी.

साल १८९६, डिसेंबर महिना. तुमच्या अंगावर हमालाचे कपडे आहेत. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, डोक्याला मुंडासं, पाठीवर गोण पेलायला गोणपाटाचा तुकडा. पाय अनवाणी. तळव्याखाली सांडलेले गहू, काकवीचा चिकटा आणि गटाराबाहेर आलेलं कोमट पाणी. बाजूने बैलगाडी घासून जाते, मागून कुणीतरी "बाजू, बाजू!" ओरडतो आणि तुम्ही वखारीच्या दाराला पाठ लावून उभे राहता.

आता तिथेच थांबा आणि उंबऱ्याकडे बघा.

एक उंदीर बाहेर आलाय. सूर्य डोक्यावर आहे, पंचवीस-तीस माणसं ये-जा करताहेत, तरी तो पळत नाही. दोन पावलं चालतो, लटपटतो, स्वतःभोवती गिरकी घेतो आणि कुशीवर पडतो. पाय एकदा ताणले जातात. गादीवर बसलेले मेहताजी वहीतून मान वर करतात, बघतात, पुन्हा आकडे मांडायला लागतात. एक पोरगा खराट्याने उंदीर गटाराकडे ढकलतो. सकाळपासूनचा हा कितवा, ते त्याने मोजलेलं नाही.

तुम्ही मात्र दोन पावलं मागे सरका. गार पडत चाललेल्या त्या अंगावरून पिसवा आत्ता उतरताहेत. त्यांना ऊब हवी आहे आणि तुमचे पाय उघडे आहेत.

ही एक गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, या गल्लीत दुसऱ्या कुणाला नाही. रोगाचा जंतू डॉक्टरांना माहीत आहे. दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगला येर्सँ या संशोधकाने तो सूक्ष्मदर्शकाखाली पकडला. पण तो घरात शिरतो कुठून? कुणी म्हणतं हवेतून, कुणी ओलीतून, कुणी धान्यातून, कुणी अनवाणी पायांच्या भेगांतून. पिसू कुणाच्या खिजगणतीत नाही. तुम्ही मागून आलात म्हणून तुम्हाला पुढचं ठाऊक: रोगट उंदराचं रक्त प्यायलेल्या पिसवेच्या जठराच्या तोंडाशी जंतूंचा बोळा बसतो. ती चावते, रक्त ओढते, पण ते आत उतरत नाही. भुकेने वेडी होऊन ती पुन्हा पुन्हा चावते आणि अडलेलं रक्त जंतूंसकट माणसाच्या अंगात परत सोडते. हे कोडं लंडनला सुटायला अजून अठरा वर्षं आहेत. आणि २०१५ साली कांस्ययुगातल्या माणसांच्या दातांतून या जंतूचा डीएनए वाचला गेला, तेव्हा कळलं की त्या काळच्या जंतूंपाशी पिसवेच्या पोटात तग धरायला लागणारं एक जनुक नव्हतंच. ते त्याने पुढे कधीतरी मिळवलं. मांडवीच्या या उंबऱ्यावर जे चाललंय ते त्या एका जनुकाच्या जोरावर.

सांगून बघा मेहताजींना! ते तुम्हाला पाणी पाजतील आणि सावलीत बसवतील, ऊन लागलं म्हणून.

गल्लीच्या तोंडाशी गलका झालाय, तिकडे चला. म्युनिसिपालटीची माणसं पंप घेऊन आलीत. समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक, लाखो गॅलन, रोज शहराच्या गटारांतून सोडलं जातंय. पाईपातून लोट सुटतो, काळा गाळ उसळतो, पोरं टाळ्या वाजवतात. भिंतींना चुना फासला जातोय, त्याचे शिंतोडे तुमच्या दंडावर पडून चुरचुरतात. माणसं मनापासून राबताहेत, घामाने निथळताहेत. पण गटाराच्या वरच्या अंगाला बघा: तुंबलेल्या मोरीतून एक, दोन, चार उंदीर बाहेर पडतात आणि कोरडी जागा शोधत समोरच्या चाळीच्या जिन्याखाली शिरतात. ज्याला घरापासून लांब ठेवायचं तोच घरात आला, आणि हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

याच वस्तीत गोव्याचे डॉक्टर अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांचा दवाखाना आहे. सप्टेंबरात त्यांनीच पहिल्यांदा छातीठोकपणे सांगितलं की हा साधा गाठीचा ताप नाही, हा प्लेग आहे. तेव्हा खूप जणांना ते पटलं नव्हतं. मेट्रो सिनेमाजवळून जाताना त्यांचा पुतळा तुम्ही अनेकदा ओलांडला असेल. आज तेच डॉक्टर एका अंधाऱ्या जिन्यावरून भराभर उतरून दुसऱ्या जिन्यावर चढताहेत.

संध्याकाळ झाली, आता चाळीत जायचं. पायधुणीवरून घोड्यांची ट्राम जाते तिच्या मागे मागे चालत राहा. जिना चढताना हात भिंतीला लावू नका, चुना ओला आहे. दहा फुटांची खोली. चूल, मोरी, वळकट्या, खुंटीवरचे कपडे, माळ्यावर गावाहून आलेल्या तांदळाची पोती, आणि या सगळ्यात नऊ माणसं. शेणींचा धूर वर जाऊन पुन्हा खाली येतो. खिडकी एकच आणि ती गटारावर उघडते. डिसेंबर असूनही तुमच्या पाठीवर घामाची धार आहे. शेजारच्या खोलीतून कण्हण्याचा आवाज येतोय आणि सगळे तो ऐकू येत नसल्यासारखं जेवताहेत.

तिथे एकदा डोकावा. बघवणार नाही, तरी बघा. पंचविशीचा गिरणीकामगार आहे. काल सकाळी भोंग्याला उठून कामाला गेला होता, दुपारी हुडहुडी भरली, घरी येताना पाय असे पडत होते की नाक्यावरच्यांना तो प्यायलाय असं वाटलं. आता डोळे लालबुंद, जीभ पांढरी, बोलणं अडखळतं. एक पाय पोटाशी ओढून घेतलाय, कारण जांघेत लिंबाएवढी गाठ आली आहे आणि तिच्यावर धोतराचं कापडही सहन होत नाही. बायको कपाळावर पाण्याची पट्टी ठेवते. पट्टी लगेच तापते, ती पुन्हा बुडवते. सकाळी आर्थर रोडच्या इस्पितळाची गाडी येईल या भीतीने तिने दाराला आतून कडी घातली होती, तुम्ही घरचे म्हणून उघडली. इस्पितळात गेलेला परत येत नाही असं सगळी चाळ म्हणते. खरंच फारसे येत नाहीत, कारण नेतात तेव्हा बहुतेकांची वेळ टळून गेलेली असते.

परत या खोलीत. म्हातारीने जेवण संपवून हात धुतलेत. रत्नागिरीकडची. ती माळ्याकडे बोट दाखवते.

"काल रात्री वर तीन पडले. मी ऐकलं."

"आये, उंदीरच ते. पडणारच."

"पडणार नाहीत. पळणारी जात ती. उंदीर पडले की त्या छपराखाली झोपायचं नाही. माझ्या सासूने सांगितलं होतं आणि तिला तिच्या. उद्याच्या बोटीने निघायचं."

मुलगा पगाराचं बोलतो. पगार महिन्याच्या महिन्याला नाही, मागचा अडकलाय, आत्ता गेलं तर बुडाला. म्हातारी ऐकून घेते आणि वळकटी बांधायला लागते.

मला तुम्हाला इथे आणायचं होतं ते हिच्यासाठी. शहरात त्या दिवशी जे काही उपाय चालले होते, त्यांत हिचा सगळ्यांत चांगला होता. तिला जंतू ठाऊक नाही, पिसू तर नाहीच. पण कशानंतर काय होतं ते तिने पाहून ठेवलंय. उंदीर मरतात, मग काही दिवसांनी माणसं. मधल्या दिवसांत जो छप्पर सोडतो तो वाचतो. गावोगाव लोक हेच करत: घरं मोकळी टाकून शेतात खोपटी घालून राहत. अडाण्यांचा भित्रेपणा म्हणून त्याकडे पाहणारे अनेक शिकलेले लोक होते. मला तो संशोधनाचा पहिला कच्चा खर्डा वाटतो.

एक चूक मात्र तिच्या हातून होतेय आणि तुम्ही ती थांबवू शकत नाही. वळकटी. त्या घडी घातलेल्या गोधडीत ऊब आहे, अंधार आहे आणि उपाशी पिसू कितीतरी दिवस जगते.

सकाळी धक्क्यावर काय दिसतं ते विचारू नका, स्वतःच बघा. साडेआठ लाखांच्या आसपास वस्तीच्या या शहरातून निम्मी माणसं त्या हिवाळ्यात बाहेर पडली. ट्रंका, पिंजऱ्यातला पोपट, देव्हारा डोक्यावर घेतलेला म्हातारा, कडेवरची पोरं. बोरीबंदरला तर प्लॅटफॉर्म दिसतच नाही. डॉक्टर रांगेतल्या माणसांच्या काखा आणि जांघा चाचपताहेत. बायकांनी पदर घट्ट ओढून घेतलेत, काही रडताहेत. तुमचीही पाळी येते. गार बोटं काखेत दाबतात, दुसरा माणूस जिभेकडे बघतो. "जा पुढे." शिट्टी होते, डब्याच्या दाराला माणसं लोंबकळताहेत. मागे ज्या चाळींतून ही माणसं निघाली तिथे दारांवर लाल रंगाची वर्तुळं काढली जाताहेत. एक रोगी, एक वर्तुळ. काही दारांवर तुम्हाला ती शेजारी शेजारी चार दिसतील.

तुम्ही गाडीत चढू नका. तुम्हाला भायखळ्याला जायचंय, ग्रँट मेडिकल कॉलेजात.

इथला वास वेगळा आहे, आणि आधी तो तुम्हाला फसवेल. मटण शिजतंय असं वाटेल. शिजतंयच. बकऱ्याचं मांस हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून त्याचा अर्क काढलाय. गोमांस नाही, डुकराचं नाही, कारण जी लस बनणार ती या शहरातल्या सगळ्यांच्या अंगात जायची आहे. एक खोली आणि तिच्यापुढचा वऱ्हांडा, एवढीच प्रयोगशाळा. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. मधोमध उभा असलेला, दाढीमिशी नीट कातरलेला, डोळ्यांखाली काळी वर्तुळं आलेला छत्तीस वर्षांचा माणूस म्हणजे वाल्डेमार हाफकिन. जन्म ओडेसाचा, काम पॅरिसच्या पाश्चर संस्थेतलं. कलकत्त्याकडे पटकीची लस टोचत फिरत होता, ऑक्टोबरात मुंबईला आला. तेव्हापासून तो झोपतो कधी ते कारकुनाला सांगता येत नाही.

हळू या. टेबलाला धक्का लावू नका, हे इथलं सगळ्यांत मोठं पथ्य. टेबलावर काचेचे पोटफुगे चंबू रांगेने ठेवलेत. आत तो पिवळसर अर्क, आणि अर्कावर तरंगणारे तुपाचे थेंब. होय, तूप. जंतूला हवेजवळ राहायला आवडतं, धरून बसायला आधार लागतो, तो तुपाच्या थेंबाने दिला. खाली वाकून, उजेड चंबूच्या मागे येईल असं डोळे त्याच्या पातळीला आणून बघा. प्रत्येक थेंबाच्या खालून बारीक पांढुरके धागे द्रवात उतरलेत, वडाच्या पारंब्या उतरतात तसे. दुसरा कुठलाही जंतू असा वाढत नाही, म्हणून पारंब्या दिसल्या की हाफकिनला खात्री पटते की चंबूत हवा तोच आहे. काही दिवसांनी तो चंबू हलवतो, पारंब्या तुटून तळाशी बसतात, तुपाखाली नव्या धरतात. असं पाच-सहा आठवडे.

तुमच्या छातीत धडधडतंय? साहजिक आहे. शेजारच्या खोलीतल्या त्या माणसाला ज्याने लोळवलं, तो या चंबूत कोट्यवधींनी आहे आणि तुमच्यामध्ये फक्त काच. मग चंबू गरम पाण्यात ठेवतात, ७० अंशांच्या आसपास, तासभर. जंतू मरतात. थोडं कार्बोलिक घालतात. गटारात व्यर्थ वाहणारं तेच कार्बोलिक इथे चमचाभर कामाला येतं. उरतो तो गढूळ द्रव म्हणजे लस. सशांना टोचून झाली, ससे तगले.

आता तारीख सांगतो, कारण ही एक तारीख सांगायलाच हवी: १० जानेवारी १८९७. हाफकिन बाही सरसावून बसतो आणि सहकारी डॉक्टर त्याच्या कातडीखाली १० घनसेंटिमीटर लस सोडतो. पुढे लोकांना जेवढी देत, तिच्या तिपटीहून ही जास्त. काही तासांत त्याला ताप चढतो, टोचलेली जागा सुजून ठणकते. तुम्ही त्याच्याजवळ बसलात तर कळेल की तो घड्याळाकडे बघतोय आणि मधूनच स्वतःची काख चाचपतोय. गाठ येत नाही. दोन-तीन दिवसांत ताप उतरतो.

महिनाअखेरीस भायखळ्याच्याच तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांना पटांगणात बसवून विचारलं, कोण टोचून घेतं. जवळजवळ निम्मे उठले. त्यांच्यात बसा तुम्ही. सुई जाड आहे आणि दंडात शिरताना आवाज केल्यासारखी वाटते. संध्याकाळी अंग मोडून येतं, डोकं ठणकतं, हात खांद्याच्या वर जात नाही. रात्रभर कण्हणाऱ्यांच्या रांगेत तुम्ही एक. पुढच्या दिवसांत न टोचलेल्यांपैकी बारा जण आजारी पडले, सहा गेले. टोचलेल्यांपैकी दोघं आजारी पडले आणि एकही गेला नाही. आकडे लहान आहेत. पण त्या पटांगणात बसून आपल्या रांगेतली माणसं रोज मोजणाऱ्याला ते लहान वाटले नसणार.

लस आली तरी मूळ प्रश्न उभाच: घरात शिरतं काय? त्यासाठी आणखी सहा-सात वर्षं पुढे चला. १९०३, एप्रिल. पुन्हा चाळ, पुन्हा तोच वास, आता उन्हाळ्याची काहिली. उंदीर पडले आणि चार-पाच दिवसांत पिसवांनी माणसांना हैराण केलं. रात्रभर खाजवून खाजवून पाय सोलवटले. लोक खोल्या सोडून वऱ्हांड्यात पथाऱ्या टाकून झोपायला लागले. तुम्हीही टाका. गार फरशी पाठीला बरी वाटते, आणि मग घोट्याला पहिला चावा बसतो.

पहाटे ग्लेन लिस्टन नावाचा डॉक्टर येतो. तो तुमच्या जिभेकडे बघत नाही, काखेत बोटं घालत नाही. तो म्हणतो, तुमच्या अंगावरच्या पिसवा मला द्या. सगळी चाळ चक्रावते. माणसांच्या अंगावरून तीस पिसवा गोळा होतात आणि त्यांतल्या चौदा उंदरांच्या निघतात. एरवी माणसाच्या अंगावर उंदराची पिसू शेकड्यांत एखादी सापडायची. यजमान मेला म्हणून ती दुसरा शोधत आली होती. मग लिस्टन खोल्यांतून गिनीपिग मोकळे सोडतो. राणीच्या बागेतले गिनीपिग त्याच सुमारास प्लेगने मेले होते, तिथेच त्याला ही वाट दिसली. भुकेल्या पिसवा त्या मऊ केसांत गोळा होतात, आणि पिसवा वेचायला माणूस लागत नाही.

तरीही न पटणारे होतेच. म्हणून शेवटचा मुक्काम परळ. गव्हर्नमेंट हाऊसच्या आवारात, जिथे आज हाफकिन संस्था आहे तिथे, प्लेग संशोधनासाठी मुद्दाम बांधलेल्या छोट्या खोपट्या आहेत. कौलारू छपरं, आत दमट अंधार आणि गिनीपिगांच्या मुताचा उग्र वास. आत येताना पायांना तेल चोपडून घ्या. रोगाने मेलेले प्राणी इथून उचललेत, त्यांच्या पिसवा मात्र जमिनीवर तशाच आहेत. आता दोन पिंजरे टांगलेत. एक जमिनीपासून दोन इंचांवर, दुसरा दोन फुटांवर. हवा दोघांना एकच, ओल एकच, वास एकच. शेजारी तिसरा पिंजरा जमिनीवरच ठेवलाय, पण भोवती सहा इंच रुंद चिकट कागद पसरलाय. उंदराची पिसू चार-पाच इंचांच्या पलीकडे उडी मारू शकत नाही.

काही दिवस गेले की खालच्या पिंजऱ्यातला गिनीपिग मरतो. दोन फुटांवरचा गवत खातोय. चिकट कागदाच्या आतला टुणटुणीत आहे. हवा बाद, ओल बाद, अनवाणी पायांच्या भेगाही बाद. रत्नागिरीच्या म्हातारीने छपराकडे बोट दाखवून जे सांगितलं होतं, त्यातला मधला दुवा या कागदावर चिकटलाय. तुमच्या हातात चिमटा देतील, भिंग देतील. उकाडा आहे, घाम भिंगावर टपकतो, तो पुसा आणि कडेपासून सुरुवात करा. प्रत्येक पिसू वेगळ्या नळीत जायची आहे, आणि कुठली कुणाच्या अंगावरची ते आज संध्याकाळपर्यंत लिहून व्हायला हवं.